लाल उरला, आल गेली

दिवाळीच्या आधी पुष्य नक्षत्र येतं, त्या दिवशी राजवाड्याजवळच्या खजुरी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. नव्या वर्षाच्या वह्या त्या दिवशी घ्यायच्या असा आपल्या इंदूरच्या व्यापाऱ्यांचा रिवाज आहे. सगळा हिशोब कॉम्प्युटरवर ठेवणारेसुद्धा पूजेपुरती एक वही घेऊन जातातच. लांबट, दोरीने बांधलेली आणि लाल कापडात मढवलेली. निळी किंवा हिरवी वही लक्ष्मीपुढे ठेवलेली मी अजून पाहिली नाही.

त्या लाल कापडाला आमची आजी 'खारवा' म्हणायची. तिच्या माहेरी गाद्यांचे अभ्रे खारव्याचे असत. ती सांगायची, "खारवा विटतो पण लाजत नाही." म्हणजे काय, ते तेव्हा कळलं नव्हतं. रंग थोडा उतरतो पण घाणेरडा दिसत नाही, असं तिला म्हणायचं असावं.

मी इतिहास शिकवते. बी.ए.च्या वर्गात दरवर्षी चंपारण येतं, नीळ येते, निळीचे मळेवाले येतात. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने विचारलं, "मॅम, हे सगळं बंगाल-बिहारचं झालं. आपल्या माळव्यात रंगाची शेती नव्हतीच का?" मी "नसावी" असं म्हणून पुढच्या मुद्द्याकडे वळले. उत्तर साफ चुकीचं होतं. आजीच्या गादीचा खारवा माळव्याच्याच मातीतल्या एका मुळाने रंगायचा, आणि त्या मुळाची शेती इथे शेकडो वर्षं होत होती. त्या मुळाचं नाव आल. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आल म्हणजे आलं नव्हे, हे आधी सांगते, नाहीतर कुणी अदरक समजेल. आल हे झाड आहे. मराठीत त्याला बारतोंडी असंही नाव आहे. पानं मोठी, चकचकीत. फुलं पांढरी आणि सुवासिक. फळ ओबडधोबड, त्यावर डोळे असल्यासारखे ठिपके. कॉफी, मंजिष्ठा आणि आल ही तिन्ही एकाच कुळातली. मोकळं वाढू दिलं तर आलेचं बऱ्यापैकी झाड होतं. पण रंगासाठी शेत लावणारा शेतकरी तिला झाड होऊच देत नसे. त्याला हवं असे फक्त मूळ, आणि तेही कोवळं.

पावसाळ्याच्या तोंडाला काळ्या जमिनीत बी पेरायचं. पहिल्या वर्षी निंदणी करून रोपं जपायची. मग दुसरं वर्ष, तिसरं वर्ष. पीक हाती येतं ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी. तोवर त्या शेतातून दुसरं काही येत नाही, सारा मात्र दरवर्षी भरावा लागतो. शेवटी येते खणणी, आणि खरी मेहनत तिथेच. मुळं दोन-तीन फूट खोल गेलेली असतात, काळी माती वाळून दगडासारखी झालेली असते, आणि मूळ तुटलं की नुकसान. मजूर लावून, कुदळीने, शेतच्या शेत उलथून काढावं लागे.

खणलेल्या मुळांची प्रतवारी आपल्या अंदाजाच्या उलट असते. जाडजूड मूळ पाहिलं की माल उत्तम असं आपल्याला वाटेल, पण आलेत सगळ्यात बारीक मूळ सगळ्यात महाग आणि सगळ्यात जाड मूळ जवळजवळ फेकण्यासारखं. कारण रंग असतो सालीत. बारीक मुळात साल जास्त आणि लाकूड कमी. मूळ जाड झालं की आत नुसतं लाकूड भरतं. त्यामुळे वेळ साधावी लागते. लवकर खणलं तर माल थोडा, उशीर केला तर माल निकामी. भाव नाही म्हणून दोन-चार वर्षं पीक जमिनीतच राहू द्यावं, ही सोय आलेच्या शेतकऱ्याला नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचाच घात झालेला दिसेल.

आता रंगाऱ्याकडे जाऊ. सुती कापडाला लाल रंग पक्का बसवणं हे फार कटकटीचं काम आहे. रेशीम आणि लोकर रंग चटकन धरतात, सूत धरत नाही. म्हणून कोरं कापड आधी तेलात आणि सज्जीखाराच्या पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवायचं, तुडवायचं, वाळवायचं. हे कितीतरी दिवस चाले. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं, त्याने कापड पिवळट होतं. मग तुरटी. आणि त्यानंतर आलेच्या सालीची भुकटी टाकलेल्या तांब्याच्या भांड्यात ते कापड मंद आचेवर, आच हळूहळू वाढवत, ढवळत ठेवायचं. शेवटी नदीच्या वाहत्या पाण्यात धुणं आणि काठावर वाळवणं. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका बाजूने सुताला आणि दुसऱ्या बाजूने रंगाला धरून ठेवतं. एवढं मला आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी समजावलं. मूळ पिवळं, पाणी तांबूस, कापड आधी पिवळट, आणि शेवटी निघतो गडद, किंचित तपकिरी झाकेचा लाल. तोच खारव्याचा रंग.

या शेतीचं जुनं आणि व्यवस्थित वर्णन लिहिलं गेलं ते आपल्या शेजारी, उज्जैनला. विल्यम हंटर नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर १७९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रज वकिलातीबरोबर आग्र्याहून उज्जैनला आला. उज्जैन तेव्हा शिंद्यांचं. माणूस डॉक्टर होता, पण आजूबाजूचं झाडपान बघत हिंडायची सवय त्याला होती. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या चौथ्या खंडात, १७९५ साली, त्याने आलेवर एक स्वतंत्र लेखच छापला. पीक कसं घेतात, मुळं कशी निवडतात, रंग कसा चढवतात, सगळं त्यात आहे. माळव्याची आल गुजरातेत आणि उत्तर हिंदुस्थानात जाते, हेही तो नोंदवतो. म्हणजे ही घरापुरती परसबाग नव्हती. व्यापारी पीक होतं, नगदी होतं. माळव्याबरोबरच बुंदेलखंडात, सागर-दमोहकडे, वऱ्हाड-खानदेशातही आल होती.

तिच्यावर किती माणसं उभी होती याचा एक पुरावा मला अनपेक्षित ठिकाणी सापडला. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात मध्य प्रांतातल्या जातींची माहिती आहे. त्यात भाजीपाला पिकवणाऱ्या काछी समाजाच्या पोटशाखा दिल्या आहेत. हळद लावणारे ते हरदिया, फुलं लावणारे फुलिया, जिरं लावणारे जिरिया, आणि आल लावणारे आलिया. पिकावरून पोटजातीचं नाव पडावं म्हणजे ते पीक पिढ्यान्‌पिढ्या घराण्यात असणार. ग्रंथ छापला गेला तोवर शेतं जवळजवळ गेलेली होती. नाव तेवढं पुस्तकात राहिलं.

तर मग झालं काय?

पहिला धक्का जर्मनीतून आला असं सगळीकडे लिहिलेलं असतं. माझ्या मते तो पहिला नव्हे. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ लेव्हन नदीच्या खोऱ्यात एकोणिसाव्या शतकात लाल रंगाचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. तिथे बनणाऱ्या लाल सुताला आणि छापील लाल कापडाला 'टर्की रेड' म्हणत. मोर, वेलबुट्टी, अगदी आपल्या पसंतीची नक्षी छापून तो माल मुंबईला उतरे. तेव्हा तो रंग अजून वनस्पतीचाच होता. युरोपातल्या मॅडर नावाच्या झुडपाच्या मुळाचा. म्हणजे सुरुवातीला आलेची स्पर्धा होती ती दुसऱ्या एका शेतकऱ्याच्या मुळाशी आणि कारखान्याच्या वेगाशी. तेलापासून शेवटच्या धुण्यापर्यंत इथल्या रंगाऱ्याचे जेवढे दिवस जात, तेवढ्यात तिकडून ठाणच्या ठाण निघत असत.

खरा घाव १८६९ चा. मॅडरच्या मुळात जो लाल रंग असतो त्याचं नाव अलिझारीन. ग्रेबे आणि लिबरमान या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६८ साली तो दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या पदार्थापासून प्रयोगशाळेत बनवून दाखवला. पुढच्याच वर्षी त्याची कारखान्यात करता येईल अशी कृती सापडली. लंडनमध्ये विल्यम पर्किन हाही त्याच मागावर होता. जर्मन मंडळींचा पेटंटचा अर्ज २५ जून १८६९ चा आणि पर्किनचा २६ जूनचा. एका दिवसाचा फरक!

यानंतरचे भाव बघा. किलोभर अलिझारीन १८६९ साली साधारण २७० मार्कांना होतं. १८७८ साली ते २३ मार्कांवर आलं आणि १८८६ साली ९ मार्कांवर. आता आलेचं गणित त्याशेजारी मांडा. समजा १८७५ च्या पावसाळ्यात एखाद्याने सावकाराकडून पैसे उचलून आल पेरली. खणायची ती १८७८ मध्ये. तो ज्या भावाच्या भरवशावर पेरत होता तो भाव त्याचं मूळ जमिनीत तयार होईपर्यंत जगाच्या दुसऱ्या टोकाला पार कोसळलेला होता, आणि ही बातमी त्याला कळायला काही मार्गही नव्हता. गव्हाचा भाव पडला तर शेतकरी पुढच्या हंगामात हरभरा घेतो. आलेवाल्याला तीन वर्षांच्या आत मागे फिरता येत नव्हतं. आणि भाव सुधारेपर्यंत थांबावं, तर मूळ जाड होऊन निकामी होणार.

फ्रान्समध्येही हेच झालं. आविन्योच्या आसपासची मॅडरची शेतं दहा-पंधरा वर्षांत उठली. गंमत म्हणजे फ्रेंच सैनिकांची लाल विजार १८२९ पासून मॅडरने रंगायची. स्वदेशी शेतकऱ्याला आधार हाही त्यामागचा एक विचार होता. शेतं गेली तरी विजार लालच राहिली, पण रंग जर्मन! १९१४ साली जर्मनांशी लढायला फ्रेंच शिपाई गेले तेसुद्धा तीच लाल विजार घालून. तेव्हा रसायनाने फक्त आपल्यालाच मारलं असं नाही. पण फ्रेंच शेतकऱ्याचं सरकार निदान त्याचं होतं. इथे १८८२ साली हिंदुस्थान सरकारने बहुतेक सगळ्या आयात मालावरची जकात काढून टाकली आणि ती १८९४ पर्यंत परत बसवली नाही. अलिझारीन स्वस्त होऊन ओतू लागलं ती नेमकी हीच बारा वर्षं.

इंदूरचं म्हणाल तर इथे इंग्रजांचं थेट राज्य नव्हतं, होळकरांचं होतं. पण रेल्वे आली. खंडव्याहून इंदूरला येणाऱ्या रेल्वेसाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, हे आपण सगळे अभिमानाने सांगतो, आणि सांगावंही. त्या गाडीने माळव्याचा कापूस आणि अफू बाहेर गेली. परतीच्या डब्यांतून काय काय आलं, ते सांगताना मात्र आपण रंगाच्या डब्यांपाशी थांबत नाही. आता ती जुनी मीटर गेज लाईनही इतिहासजमा झाली.

इथे मला जो मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो सांगते. 'नैसर्गिक रंग संपला' असं एका वाक्यात म्हणताना आपण रंगारी आणि शेतकरी यांना एकाच गाठोड्यात बांधतो. दोघांचं नशीब वेगवेगळं होतं. रंगाऱ्यालाही विलायती कापडाने मारलं, यात शंका नाही. पण जो टिकला, त्याच्यापुरता अलिझारीनचा बदल सोपा होता. ते तुरटीवरच बसतं. म्हणजे त्याचा हिरडा तोच, तुरटी तीच, तांब्याचं भांडं तेच, नदी तीच. फक्त भुकटीच्या जागी डब्यातला लगदा. शिवाय रंग दर वेळी एकसारखा आणि जास्त चटकदार. मूळ निवडायला नको, कुटायला नको. कुणीही शहाणा माणूस हेच करेल. त्याचं कौशल्य त्याच्या हातात होतं, ते कुणी काढून घेतलं नाही. शेतकऱ्याचं कौशल्य मात्र त्याच एका मुळाला बांधलेलं होतं. कोणत्या जमिनीत किती खोल जायचं, कुठल्या वर्षी मूळ 'पिकतं', खणताना कुदळ कुठून घालायची, हे ज्ञान आल गेल्यावर दुसऱ्या कुठल्या पिकाला उपयोगी पडणार? लाल रंग बाजारात जसाच्या तसा दिसत राहिला. गिऱ्हाइकाला काही फरक कळलाच नाही. म्हणूनच आल गेल्याचा गवगवा झाला नाही.

निळीचा झाला. कारण निळीत अन्याय उघडा होता. बंगालमध्ये मळेवाले गोरे साहेब, आगाऊ रक्कम गळ्यात मारून, धाक दाखवून रयतेकडून नीळ लावून घेत. १८५९-६० मध्ये रयत उठली. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. दीनबंधू मित्रांनी १८६० साली 'नीलदर्पण' नाटक लिहिलं. त्याचा इंग्रजी अनुवाद छापून घेतल्याबद्दल रेव्हरंड जेम्स लाँग या मिशनऱ्यावर मळेवाल्यांच्या बाजूने खटला झाला. १८६१ साली त्यांना एक महिना कैद आणि हजार रुपये दंड झाला. दंड कालीप्रसन्न सिंह यांनी तिथल्या तिथे भरला. आपल्यासारख्या महाविद्यालयात लाँग यांचं नाव जास्त ठाऊक असायला हवं असं मला वाटतं, पण तो वेगळा विषय झाला.

आणि निळीचा शेवटही वेगळा. बाडिश कंपनीने १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आणली. त्या वर्षी वनस्पतीपासून निघणारी नीळ जगात १९,००० टनांच्या आसपास होती, ती १९१४ पर्यंत हजार टनांवर आली. चंपारणच्या रयतेला नीळ नकोच होती. वीस कठ्ठ्यांमागे तीन कठ्ठे जमीन मळेवाल्यासाठी निळीखाली ठेवायची, ही तिनकठिया पद्धत म्हणजे सक्ती होती. तेव्हा नीळ पडली ही सुटका व्हायला हवी होती. पण मळेवाल्यांनी आपला तोटा रयतेच्या माथी मारला. निळीच्या सक्तीतून मोकळं करतो म्हणून कुणाचा सारा वाढवला, त्याला 'शरहबेशी' म्हणत. कुणाकडून एकरकमी पैसे घेतले, ते 'तावान'. गांधीजी १९१७ मध्ये चंपारणला गेले ते निळीच्या भरभराटीच्या नव्हे, पडत्या काळातल्या जुलमाविरुद्ध. पुढच्या वर्षी कायद्याने तिनकठिया गेली.

आलेच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. तिला गोरे मळेवाले नव्हते, म्हणून जुलूम नव्हता, म्हणून उठाव नव्हता, आयोग नव्हता, नाटक नव्हतं. ती शेतकऱ्याने आपखुशीने लावलेली होती आणि परवडेना म्हणून आपल्याच हाताने सोडली. अशा गोष्टीला पाठ्यपुस्तकात धडा मिळत नाही. माझ्या 'नसावी' या उत्तराचं मूळही तिथेच असावं. निळीचं जाणं आणि आलेचं जाणं हे दोन्ही 'वसाहतकाळात नैसर्गिक रंगांच्या शेतीचा ऱ्हास' या एकाच शीर्षकाखाली लिहिलं जातं, पण एकीकडे सक्तीचं पीक जात होतं आणि दुसरीकडे हौसेचं. वर्गात हा फरक मी आता न चुकता सांगते.

तिसरा एक प्रकार आहे, तो थोडक्यात. कुसुंबा. कुसुंबी पागोटं, कुसुंबी साडी आपल्या जुन्या बोलण्यात सारखी येते. हा रंग करडईच्या फुलांचा. दिसायला अतिशय सुंदर, पण कच्चा. दोन धुण्यांत उतरणारा. (नैसर्गिक म्हणजे पक्का, हा गैरसमज कुसुंब्याने दूर व्हायला हरकत नाही.) विलायती पुड्यांनी कुसुंब्याला सहज हरवलं. पण करडई शेतातून गेली नाही, कारण तिच्या बियांचं तेल निघतं आणि कोवळ्या पानांची भाजी होते. हळदीचंही तसंच; रंग म्हणून गेली, स्वयंपाकघरात राहिली. ज्या पिकाला दुसरा काही उपयोग होता ते वाचलं. आलेचं फळ कुणी हौसेने खात नाही, लाकूड मिळेपर्यंत थांबायला शेतकऱ्याला सवड नाही. तिचं सगळं भांडवल एका सालीत होतं.

एक गोष्ट मात्र मला सारखी टोचते. आल मरत असतानाच तिच्यावर सगळ्यात जास्त लिहिलं गेलं. टॉमस वॉर्डल या इंग्रज रंगाऱ्याने हिंदुस्थानातल्या रंगद्रव्यांचे शेकडो नमुने तपासून १८८७ मध्ये सरकारला अहवाल दिला. जॉर्ज वॅटचा हिंदुस्थानी पिकांचा भला मोठा कोश १८८९ पासून निघू लागला. १८९६ साली मुंबई इलाख्यासाठी फॉसेटने आणि वायव्य प्रांतासाठी मोहम्मद हादी यांनी रंग आणि रंगाई यांवर पुस्तिका लिहिल्या. कापडाचे तुकडे, कृती, प्रमाणं, सगळं टिपलं. टिपून ठेवलं म्हणून आज मी हा लेख लिहू शकते, हे खरं. कृतघ्न होता येत नाही. पण ज्या सरकारने एवढं बारकाईने लिहवून घेतलं त्याने आलेच्या शेतकऱ्याला साऱ्यात दोन वर्षांची सूट द्यावी, असं त्या कागदांत कुठे माझ्या वाचनात आलं नाही. आणि पर्किन घराण्याचा योगायोग तर कादंबरीतच शोभावा. बाप अलिझारीन बनवणारा. मुलगा, आर्थर जॉर्ज पर्किन, आयुष्यभर वनस्पतींच्या रंगांचा अभ्यासक. निसर्गातल्या रंगद्रव्यांवरचा त्याचा मोठा ग्रंथ १९१८ साली आला.

आता सध्याचं. धार जिल्ह्यातलं बाग गाव आपल्याला जवळ. बाग प्रिंटची लाल-काळी चादर इंदूरच्या किती तरी घरांत असेल. तिथले खत्री कारागीर अजून कापड हिरड्यात बुडवतात, तुरटीचा ठसा मारतात, नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात आणि तांब्याच्या भट्टीत धावड्याची फुलं टाकून उकळतात. बाकी सगळं जुनं. लाल मात्र अलिझारीनचा, डब्यातला. काही जण दुकानात 'शंभर टक्के नैसर्गिक' असं सांगून ती चादर विकतात, तेव्हा कारागिराचा अपमान होतो असं मला वाटतं. त्याची कला खोट्या पाटीशिवायही उभी राहते.

मूळ आलेने रंगवणारे अगदी संपले असंही नाही. ओडिशात कोरापुट जिल्ह्यातल्या कोटपाडचे मिरगान विणकर आजही आलेच्या मुळांच्या सालीने, एरंडेल आणि राख वापरून सूत रंगवतात. कोटपाडच्या कापडाला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण तिथे आल येते ती रानातून. पेरलेली, निंदलेली, तीन वर्षं सांभाळलेली आलेची शेतं नाहीतच. आणि आलेच्या भावकीतल्या फळाचा रस 'नोनी' या नावाने औषधांच्या दुकानात महाग मिळतो, त्या बाटलीवर मुळाचं नावही नसतं.

प्रश्न विचारणारी ती मुलगी आता एम.ए. करते आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघी शहराबाहेर एका ओळखीच्यांच्या शेताच्या बांधावर आल पाहायला गेलो. शेतमालकाला ते झाड कशाचं ते माहीत नव्हतं. बांधावर सावली आहे म्हणून ठेवलंय, म्हणाले. परवानगी घेऊन कडेचं एक बोटभर मूळ काढलं. नखाने साल खरवडली तर आत हळदीसारखं पिवळं. त्यांच्या पानाच्या डबीतला थोडा चुना घेऊन त्यावर चोळला. मिनिटभरात पिवळ्याचं लाल झालं. "अरे! हे तर पानासारखं रंगलं," शेतमालक म्हणाले. ते मूळ त्यांनी मागून घेतलं आणि घरात दाखवायला घेऊन गेले. माझ्या बोटावरचा डाग दोन दिवस साबणाला दाद देत नव्हता.